नानाजींच्या मांडीवर अठ्ठ्याण्णव

मारोतरावांचा आपल्या इवायावर, म्हणजे सुनेच्या वडिलांवर, तसा काहीच राग नव्हता. नानाजी कळमेश्वरला होते तोवर तर मुळीच नव्हता. दिवाळीला एकमेकांना मिठाईचा डबा द्यावा, 'या न जी एकदा निवांत' असं दोघांनीही म्हणावं आणि दोघांपैकी कोणीही जाऊ नये, असं उत्तम चाललं होतं. बिनसलं ते नातू झाल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ज्याने कोणी पाडली तो मुलीचाच बाप असला पाहिजे, असं मारोतरावांचं पक्कं मत झालं होतं. नातू यांचा, आडनाव यांचं, कानसुद्धा यांच्यासारखेच बाहेर आलेले; आणि जन्मल्यापासून चार महिने लेकरू लोळतंय कोणाच्या मांडीवर, तर नानाजींच्या. मारोतराव अधूनमधून कळमेश्वरला जात तेव्हा हा नातू, हर्षित, त्यांच्याकडे मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसा पाहायचा, आणि उचलून घेतलं की भोकाड पसरायचा. या लेकराने आपल्याला ओळखावं, आपल्या हातात आल्यावर रडू नये, एवढंच मारोतरावांचं मागणं होतं.

मग हर्षितला सर्दी झाली, सर्दीचा खोकला झाला, आणि एका दुपारी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तसं त्याला नागपूरला, धरमपेठेतल्या मुलांच्या दवाखान्यात आणून भरती केलं. ते दिवस वाईट गेले. एवढ्याशा नाकात घातलेली ऑक्सिजनची नळी पाहून दोन्ही आजोबा एकाच बाकावर बसून राहत आणि एकमेकांना चहा विचारत. त्या दिवसांची थट्टा करायची नाही. लेकरू सुधारलं, नळी निघाली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घरी न्या, पण इतक्यात कळमेश्वरला नको. झोपेत त्याच्या रक्तातला ऑक्सिजन खाली जातो का, ते एक रात्रभर मशीन लावून बघू. रिपोर्ट चांगला आला की खुशाल जा."

म्हणजे नातू हुडकेश्वरला, मारोतरावांच्या घरी येणार! आपल्या आनंदाचं कारण नातवाचा आजार आहे हे लक्षात येऊन त्यांना जरा लाजही वाटली, पण तेवढी लाज त्यांनी सोसली.

अडचण एवढीच झाली की लेकरासोबत नानाजीही आले. आणि नुसते आले नाहीत, वळकटी घेऊन आले. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा न पिणारे बाप मारोतरावांनी पाहिले होते. त्या जुन्या वळणाच्या लोकांबद्दल त्यांना एकाएकी फार आदर वाटू लागला. चहा पिताना त्यांनी तो विषय सहज म्हणून काढला.

"आमचे आजोबा तं पोरीच्या घरी उभ्याउभ्या भेटून वापस येत," मारोतराव म्हणाले.

"बरोबर हाय जी," नानाजी बशीत चहा ओतत म्हणाले. "लेकीच्या घरी राहू नये. पण हे आता लेकीचं घर कुठं राह्यलं? हे नातवाचं घर हाय."

तेवढ्यात प्रेमलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बायकोने, नानाजींना आणखी एक कप चहा दिला.

मशीन मिळवणं हे एक वेगळंच प्रकरण निघालं. दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी आधी बाळाचं आधार मागितलं. ते अजून निघालं नव्हतं. मग जन्माचा दाखला मागितला. मारोतराव उगाचच खिसे चाचपत असताना नानाजींनी पिशवीतून दाखला काढून पुढे सरकवला. मूळ प्रत, वर प्लास्टिक चढवलेलं. "बाहेर निघालो का सोबतच ठेवतो," ते म्हणाले. नातवाचा दाखला पिशवीत घालून गावभर फिरणारा माणूस कोणत्या थराला जाऊ शकतो, याची मारोतरावांना त्या दिवशी कल्पना आली.

पण बाईंना नागपूरचा पत्ताही हवा होता आणि तिथे मारोतरावांची छाती फुगली. त्यांनी मोबाइलवर विजेचं बिल काढून काचेला टेकवलं. बाईंनी ते वाचून विचारलं, "हे बापूजी कोण?" बापूजी म्हणजे ज्यांच्याकडून मारोतरावांनी ते घर विकत घेतलं होतं ते गृहस्थ. जन्मभर वीज खात्यात नोकरी करून, हुडकेश्वरपासून पार्डीपर्यंत लोकांच्या मीटरवरची नावं बदलून देणाऱ्या मारोतरावांनी स्वतःच्या मीटरवरचं नाव अजून बदललेलं नव्हतं. "अर्ज केलेला आहे," ते ताठ मानेने म्हणाले, आणि ते खोटं होतं. शेवटी प्रेमलताबाईंनी पर्समधून आपलं आधार काढलं आणि मशीन त्यांच्या नावावर मिळालं. परत येताना गाडीत ते नानाजींच्या मांडीवर होतं.

मशीन जुन्या ट्रान्झिस्टरएवढं होतं. त्यातून निघालेल्या वायरच्या टोकाला मऊ पट्टी आणि पट्टीत लाल दिवा. ती बाळाच्या पावलाला गुंडाळली की पडद्यावर दोन आकडे दिसत: वर ऑक्सिजन, खाली छातीचे ठोके. आधी दोन दिवस बाळाला त्या पट्टीची सवय करायची आणि मग एक अख्खी रात्र नोंद घ्यायची, असं ठरलं होतं. त्या सवयीच्या पहिल्याच संध्याकाळी घात झाला.

नानाजींनी हर्षितला मांडीवर घेतलं. वरचा आकडा अठ्ठ्याण्णव. भूमिका, म्हणजे हर्षितची आई, समाधानाने भाकरी थापायला गेली. मग मारोतरावांनी घेतलं. आकडा सत्त्याण्णव झाला, पंच्याण्णव झाला, आणि त्र्याण्णववर जाऊन मशीन बोंबलायला लागलं. भूमिका पिठाच्या हातांनी धावत आली. "द्या जी इकडं," म्हणून नानाजींनी लेकरू उचललं, आणि बघताबघता पुन्हा अठ्ठ्याण्णव.

"तुमची मांडी गरम राहत असन," नानाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "माही पहिल्यापासूनच थंडी हाय."

मारोतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर नातू आपल्याला परका समजतो असा त्यांना नुसता संशय होता. आता दवाखान्याच्या मशीननेच त्यावर शिक्का मारला. बरं, आकडा काही माणूस नाही की त्याच्याशी भांडता येईल. त्यांनी पाय गार पाण्याने धुऊन पाहिले. पॅन्ट सोडून पायजमा घालून पाहिला. पंख्याखाली बसून, उत्तरेकडे तोंड करून आणि मनात हनुमानाचं नाव घेऊनही पाहिलं. आकडा चौऱ्याण्णवच्या वर सरकेना. मग त्यांच्या डोक्यात आलं की लेकरं वासावरून माणूस ओळखतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लवंडलेले असताना त्यांनी खुंटीवरची नानाजींची बंडी अंगात चढवली आणि हर्षितला हळूच उचललं. ब्याण्णव! मशीनच्या आवाजाने नानाजी जागे झाले आणि दारात येऊन उभे राहिले.

"इवाईबुवा," ते म्हणाले, "ते माही बंडी हाय न?"

"धुवाले टाकून राहिलो होतो," मारोतराव म्हणाले. अंगात घालून कपडे धुवायला टाकायची ही कोणती पद्धत, असं नानाजींनी विचारलं नाही. ते न विचारणंच मारोतरावांना जास्त लागलं.

घरात मशीन आलंय ही बातमी गल्लीत लपून राहणं शक्यच नव्हतं. समोरचे नत्थूजी मलेरिया विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे डासांपासून हृदयापर्यंत सगळ्यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मशीनची पट्टी आधी स्वतःच्याच बोटाला लावून घेतली, शहाण्णव पाहून नाराज झाले, आणि "मशीनमध्येच फॉल्ट हाय" असं जाहीर करून पोहे खाऊन गेले. शेजारच्या अंजनाबाईंनी ओव्याची पुरचुंडी आणली, ती भूमिकाने हसून घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. मग अंजनाबाई दबक्या आवाजात, म्हणजे फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्याच, प्रेमलताबाईंना म्हणाल्या, "नजर काढून टाक वं. बाहेरच्याची नाही लागत, घरातल्याचीच लागते. जो मनातल्या मनात जळते न, त्याची." हे बोलताना त्यांनी मारोतरावांकडे का पाहावं, हे त्यांचं त्यांना माहीत.

पण बाण बरोबर बसला होता. कारण त्याच संध्याकाळी मारोतरावांच्या मनात एक विचार येऊन गेला होता. रिपोर्ट चांगला आला की लेकरू कळमेश्वरला जाणार. समजा, रिपोर्ट थोडासा कमी आला तर? फार नाही, अगदी थोडासा, आणखी पंधरा दिवस इथे राहण्यापुरता. विचार आला आणि मारोतराव हादरलेच. देवघरासमोर जाऊन त्यांनी स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं. प्रेमलताबाईंना वाटलं, डास असतील.

नोंदीच्या रात्री ड्यूटी कोणाची, यावरून जेवताना वाद झाला. भूमिका आणि सौरव, म्हणजे मारोतरावांचा मुलगा, महिनाभर नीट झोपले नव्हते, तेव्हा आज आजोबांनीच जागायचं यावर दोन्ही आजोबांचं एकमत होतं. दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. नानाजींनी पहिली पाळी घेतली, मारोतरावांना मागची मिळाली. भूमिकाने दोघांना बजावलं, "कोणी त्याले उचलाचं नाही, मांडीवर घ्याचं नाही. पट्टी सुटली तं मले उठवा. स्वतः काही करू नका."

नानाजींची पाळी अशी गेली की सांगण्यासारखं काही नाही. "सत्त्याण्णवच्या खाली नाही गेला जी," असं कुजबुजून ते वळकटीवर आडवे झाले. मारोतराव पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने हर्षितने झोपेतच पाय झाडले, पट्टी सुटली आणि मशीन बोंबलायच्या बेतात आलं. आता भूमिकाला उठवायचं म्हणजे नानाजीही उठणार. 'माह्या पाळीत असं काही झालं नाही' हे ते बोलणार नाहीत, नुसते बघतील. ते बघणं मारोतरावांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी झटकन पट्टी उचलून स्वतःच्या करंगळीला गुंडाळली. मशीन गप्प झालं. लेकरू जरा स्थिर झालं की लावू परत, असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकले, आणि टेकले ते थेट दुधवाल्याच्या हाकेलाच जागे झाले. घाईघाईने पट्टी पावलाला बांधली तेव्हा लेकरू गाढ झोपलेलं होतं. कोणी काही पाहिलं नव्हतं. मारोतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दाढी करायला घेतली.

सौरवने ऑफिसला जाताजाता मशीन दवाखान्यात पोचवलं. दुपारी भूमिकाच्या फोनवर खुद्द डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाळ श्वास घेतंय ना ते आधी बघा, आणि असाल तसे निघून या. अर्धी रात्र अगदी छान, पण त्यानंतर ठोके उतरून साठवर, ऑक्सिजन ब्याऐंशीपर्यंत खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, पहाटेपर्यंत असंच.

पुढची काही मिनिटं घरात नुसती धावपळ होती. चपला कोणाच्या, किल्ली कुठे, लेकराचं टोपडं कुठे. मारोतराव तोंड उघडायचे आणि कोणीतरी त्यांच्या हातात पिशवी द्यायचं. मारोतराव चालवायला, प्रेमलताबाई शेजारी, आणि गाडी निघाली. मानेवाड्याच्या चौकात सिग्नल लागला. मागच्या सीटवर भूमिका लेकराला छातीशी धरून रडत होती, आणि नानाजी, ते थंड मांडीचे नानाजी, नातवाच्या नाकासमोर बोट धरून बसले होते. मारोतरावांनी आरशात ते बोट पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"रडू नको बेटा," ते म्हणाले. "ते ठोके त्याचे नोहेत. माहे हायेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, करंगळीसकट. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्यांना गाडी पुढे घ्यायचं सुचलं नाही. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. भूमिकाने डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "मामाजी, आम्ही कळमेश्वरले जाऊ नये म्हणून केलं का हे?"

"नाही," मारोतराव म्हणाले. मग त्यांना देवघरासमोरची संध्याकाळ आठवली आणि ते 'नाही' त्यांना स्वतःलाच पुरेसं वाटेना. "करंगळीले बांधली ते तुह्या बापाच्या भेवानं. पण तू म्हणते तसं मनात आलं होतं एकदा. खोटं नाही बोलत."

मागच्या हॉर्ननी भानावर येऊन त्यांनी गाडी पुढे घेतली. धरमपेठ आलं तेव्हा नानाजींनी फक्त लेकराचं टोपडं नीट केलं.

डॉक्टरीणबाईंनी हर्षितला तपासलं. गडी चांगला टुणटुणीत होता, त्यांच्या गळ्यातली तपासायची नळी ओढत होता. खरी हकिकत ऐकून त्या इतक्या हसल्या की बाहेरची परिचारिका डोकावून गेली. "चार महिन्यांच्या बाळाचे ठोके साठ! मी काय घाबरले असेन विचार करा." मग त्यांनी कागदावरचा आलेख पुन्हा पाहिला आणि त्यांचं हसू थांबलं. "म्हणजे हे खालीवर होणारं सगळं तुमचं आहे? काका, तुम्ही फार घोरता का?"

"हो," खोलीतल्या तीन माणसांनी एकदम उत्तर दिलं. मारोतराव त्यात नव्हते.

"झोपेत तुमचा श्वास अडतोय. थांबतो, परत सुरू होतो, परत थांबतो. बाळाचं आज रात्री नव्याने करू, पण बाळ ठीकच दिसतंय. आजारी तुम्ही आहात."

जाताजाता त्यांनी, आता अब्रूचं काही उरलंच नाही म्हणून, मांडीचा प्रश्नही विचारून टाकला. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं मशीन हर्षितच्या पावलाला लावलं आणि म्हणाल्या, "घ्या बघू." मारोतरावांनी लेकरू घेतलं. वायर सुटू नये म्हणून पाऊल मुठीत गच्च धरलं. आकडा उतरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "पाय इतका आवळला की रक्त कसं फिरणार? बाळाचा ऑक्सिजन कमी होत नव्हता काका, तुमची मूठ घट्ट होती." मूठ सुटली आणि आकडा सावकाश अठ्ठ्याण्णव झाला. हर्षितने मान वर करून या नव्या माणसाकडे पाहिलं आणि, रीतीप्रमाणे, भोकाड पसरलं. आकड्याचा प्रश्न सुटला होता, ओळखीचा जिथल्या तिथे होता.

त्या रात्री हुडकेश्वरला दोन मशीनं लागली, एक नातवाला आणि एक आजोबांना. भूमिका लेकराजवळून हलली नाही, आणि मारोतरावांजवळ जागायला कोण, तर नानाजी. सकाळी ते तांबारलेल्या डोळ्यांनी प्रेमलताबाईंना म्हणाले, "कसं झोपत असान बाई तुम्ही येवढी वर्षं? मले तं दर घडीले वाटे, इवाई गेला." हर्षितचा रिपोर्ट लख्ख आला. दोन दिवसांनी लेकरू, वळकटी, दाखला आणि नानाजी कळमेश्वरला गेले. मारोतरावांनी फाटकात उभं राहून हात हलवला. लेकरू नानाजींच्या खांद्यावर तोंड घालून झोपलेलं होतं, त्याने पाहिलंही नाही. आत येऊन मारोतराव बराच वेळ रिकाम्या पलंगावर बसले. प्रेमलताबाई जेवायला हाक मारत राहिल्या आणि त्यांना भूक नव्हती.

मग मारोतरावांच्या आणखी तपासण्या झाल्या आणि त्यांना, श्वास अडू नये म्हणून, झोपताना लावायचा एक मुखवटा मिळाला. नाकातोंडावर रबरी वाटी, डोक्यामागून पट्टे, आणि समोर हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी. पहिल्या रात्री तो चढवून ते आरशासमोर उभे राहिले आणि उरलीसुरली अब्रूही गेल्याची त्यांची खात्री पटली. नेमका तेव्हाच भूमिकाचा व्हिडिओ कॉल आला. मुखवटा लावता की नाही हे सून तपासून पाहणार होती. "दाखवा मामाजी," ती म्हणाली. मारोतरावांनी नाइलाजाने फोन तोंडासमोर धरला.

पडद्यावर तिच्या कडेवर हर्षित होता. त्याने सोंड पाहिली. मारोतरावांनी श्वास सोडला, नळी हलली आणि फुस्स आवाज आला. हर्षितचे डोळे मोठे झाले. आणि मग तो हसला. नुसतं गालात नाही, तर पोट हलवून, आवाज काढून, मागे रेलून हसला. "अगं बाई! पहिल्यांदा असा हसला हो!" भूमिका ओरडली. मारोतरावांनी पुन्हा फुस्स केलं. लेकरू पुन्हा खदखदलं. मुखवट्याच्या वर मारोतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एका हातात फोन आणि दुसऱ्यात सोंड, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्या दिवसापासून रोज रात्री फोन यायला लागला. लेकरू हातांनी पडदा ओढायचं, मुखवटा चढायच्या आधीच मारोतरावांना पाहून हसायला सुरुवात करायचं. आठवडा झाला नसेल तोच एका दुपारी नानाजींचा फोन आला. आवाज फार दबका होता.

"इवाईबुवा, एक विचाराचं होतं. झोपेत माहाबी श्वास अटकते वाटते."

"कोण म्हणे?"

"मलेच वाटते जी. मांजराचा आवाज काढला, कोंबड्याचा काढला, झुकझुक गाडीबी केली. पोट्टं नुसतं पाहत राह्यते." मागून त्यांच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा आवाज स्पष्ट आला, "काही नाही अटकत त्याहिचा! रात्रभर लाकडावानी झोपतात." नानाजींनी घाईने फोन दुसऱ्या कानाला लावला असावा. "तिकडं लक्ष नोका देऊ. तो मुखवटा कुठं भेटते, तेवढं सांगा."

मारोतराव खुर्चीत नीट बसले. त्यांनी घाई केली नाही. एवढ्या दिवसांत त्यांना असं निवांत बोलायची संधी कधी मिळाली नव्हती.

"तो असाच नाही भेटत जी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्याच्यासाठी बिमारी लागते."